तुमकूरच्या खेड्यांना ठाऊक होते

पुण्याहून बंगळुरूकडे जाणारा महामार्ग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे आणि चित्रदुर्ग मागे टाकून शिरा गावापाशी येतो, तेव्हा कृष्णाकाठची काळी जमीन केव्हाच मागे राहिलेली असते. आता दोहो बाजूंना तांबडी माती, मधूनच उभे राहिलेले ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे, नाचणीची आणि भुईमुगाची शेते, आणि जेथे पाण्याचा आसरा आहे तेथे नारळी-पोफळींच्या दाट रांगा. हा तुमकूर जिल्हा. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव तुमकूरू असे झाले असले, तरी मराठी मुखी जुनेच नाव रुळलेले आहे. दक्षिणेकडील तीर्थांच्या यात्रेला निघालेल्या अनेक जैन कुटुंबांच्या गाड्या याच मार्गाने जातात.

तुमकूर शहर ओलांडून बंगळुरूच्या दिशेने थोडे पुढे गेले की पंडितनहळ्ळीजवळ मंदरगिरी दिसू लागतो. स्थानिक लोक त्याला ‘बसदी बेट्ट’ म्हणजे बसद्यांचा डोंगर म्हणतात. पायथ्याशी मोरपिसांच्या पिंछीच्या आकाराचे ८१ फूट उंचीचे गुरुमंदिर उभे आहे. आचार्य श्री शांतिसागर महाराजांच्या स्मरणार्थ ते उभारलेले असल्याने मराठी यात्रेकरूस येथे परकेपणा वाटत नाही. आचार्यश्रींचे भोज गाव सीमाभागातील, आणि त्यांची समाधी मराठवाड्याच्या सीमेवरील कुंथलगिरीची. शेकडो पायऱ्या चढून माथ्यावर गेले की तटबंदीच्या आत चंद्रनाथ, पार्श्वनाथ आणि सुपार्श्वनाथ यांच्या प्राचीन बसद्यांचे दर्शन घडते. अलंकरणाचा सोस नसलेल्या या दगडी वास्तू शतकानुशतके वारा झेलीत उभ्या आहेत. मागील बाजूस मैदाळ तलावाचे पाणी चमकते, आणि चहूकडे दृष्टी पोचेल तेथवर लहान लहान खेडी विखुरलेली दिसतात.

यात्रेकरू दर्शन घेतात, तलावाकडे पाहत क्षणभर विसावतात आणि पुढील मुक्कामाच्या ओढीने उतरू लागतात. तुमकूर जिल्ह्यातील अशाच खेड्यांनी सुमारे साठ वर्षांपूर्वी भारताच्या आरोग्यव्यवस्थेस एक मोलाचा धडा दिला, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. तो धडा क्षयरोगासंबंधीचा होता, आणि त्याहून अधिक, खेड्यातील माणसाच्या जाणतेपणासंबंधीचा होता.

त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. क्षय हा शहरांचा रोग आहे, गिरण्यांच्या धुरात आणि कोंदट चाळींत तो वाढतो, मोकळ्या हवेतील खेडी त्यापासून बऱ्याच अंशी मुक्त आहेत, असा सुशिक्षितांचा दृढ समज होता. १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने तो समज मोडून काढला. शहरांत आणि खेड्यांत रोगाचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. देशाची बहुसंख्य प्रजा खेड्यांत राहत असल्याने बहुसंख्य रुग्णही तेथेच होते, आणि रुग्णालये मात्र शहरांत होती.

उपचारांची कल्पनाही त्याच सुमारास पालटत होती. तोवर क्षयरोग म्हटला की आरोग्यधाम आठवे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी झाडांच्या सावलीत, मोकळ्या हवेत, सकस आहारावर रुग्णाने महिनोन्‌महिने पडून राहावे, अशी ती पद्धत होती. १९५६ मध्ये मद्रास येथे १९३ रुग्णांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना आरोग्यधामात ठेवले गेले, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच राहू देऊन तीच औषधे दिली गेली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाल्याचे दिसून आले. घरातील इतर माणसांना त्यामुळे अधिक धोका पोचल्याचेही आढळले नाही. रोग बरा करणारी शक्ती थंड हवेत नव्हती, ती नियमित घेतलेल्या औषधात होती. खाटांची अट गळून पडली आणि औषध प्रत्येक खेड्यात नेणे निदान विचारात तरी शक्य झाले.

परंतु रुग्ण शोधावयाचा कसा? लाखो खेड्यांतून क्ष-किरणांच्या गाड्या फिरवाव्यात, असा एक विचार होता. त्यामागे एक गृहीत होते. खेडूत अज्ञानी आहे, तो खोकल्याकडे लक्ष देत नाही, दिले तरी दैवाचा फेरा म्हणून स्वस्थ बसतो किंवा मांत्रिकाकडे जातो, तेव्हा त्याच्या दारी जाऊन रोग शोधला पाहिजे आणि प्रथम त्याला शहाणे केले पाहिजे, असे ते गृहीत होते. हे खरे की खोटे, हे मात्र कोणी खेड्यात जाऊन विचारले नव्हते.

ते विचारण्याचे काम बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने केले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे औपचारिक उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १६ सप्टेंबर १९६० रोजी झाले. बल्लारी रस्त्यावरील ‘अ‍ॅव्हलॉन’ या जुन्या राजेशाही वास्तूत तिचे कार्य सुरू झाले. डॉक्टरांच्या जोडीला संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्राचे अभ्यासक तेथे एकत्र बसत. बंगळुरूपासून सुमारे सत्तर किलोमीटरवरील तुमकूर जिल्हा त्यांनी अभ्यासासाठी निवडला.

१९६०-६१ मध्ये संस्थेची पथके तुमकूरच्या खेड्यांत उतरली. घरोघरी माणसांची नोंद करावयाची, हातावर ट्युबरक्युलिनची चाचणी घ्यावयाची, फिरत्या यंत्रावर छातीचा क्ष-किरण फोटो काढावयाचा आणि संशय आलेल्यांची थुंकी तपासावयाची, असा तो क्रम होता. रोगाचे प्रमाण त्यातून कळणार होते. त्याच्या पाठोपाठ डॉ. देबाबर बॅनर्जी आणि डॅनिश समाजशास्त्रज्ञ स्टिग अँडरसन यांनी जी पाहणी योजिली, तिच्यामुळे तुमकूरचे नाव जगभरच्या आरोग्यशास्त्राच्या वाङ्मयात गेले.

या पाहणीची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली होती. क्षयाची चिन्हे आढळलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या जोडीला त्याच परिसरातील, त्याच वयाची, निरोगी अशी एक व्यक्ती निवडली गेली. दोघांनाही सारखेच प्रश्न विचारावयाचे होते. विचारणाऱ्यास मात्र समोरची व्यक्ती रुग्ण आहे की निरोगी, हे मुळीच सांगितले जात नसे. त्यामुळे रुग्णाच्या तोंडी हवे ते उत्तर घालण्याचा मोह आपोआप टळला. प्रश्नही रोगाचे नाव घेऊन विचारलेले नव्हते. प्रकृती कशी आहे, काही त्रास होतो काय, खोकला म्हणजे कन्नडमधील ‘केम्मु’ आहे काय, ताप येतो काय, छातीत दुखते काय, त्याची काळजी वाटते काय, आणि वाटत असल्यास काय केले, असे सहज संभाषणातून ते ओघाने येत.

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी अनेकांना चकित केले. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले होते, म्हणजे ज्यांच्यामुळे इतरांस लागण होण्याचा धोका होता, त्यांपैकी जवळजवळ सर्वांना आपल्या शरीरात काहीतरी बिघडले आहे याची जाणीव होती. बहुसंख्यांना त्याची काळजी लागलेली होती. आणि निम्म्याहून अधिक लोक केवळ काळजी करीत बसले नव्हते, ते उपचारासाठी सरकारी दवाखान्याची पायरी चढूनही आले होते.

मग ते बरे का झाले नाहीत? उत्तर दवाखान्यातच होते. त्या काळी रुग्ण घरून रिकामी बाटली घेऊन दवाखान्यात जात असे. खोकला म्हटला की कंपाउंडर तिच्यात लालसर मिश्रण ओतून देई, आणि माणूस चार मैल चालत घरी परते. छाती तपासली जात नसे, थुंकी मागितली जात नसे. बहुतेक ग्रामीण दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक नव्हता. असला तरी क्षयाचे काम हे जिल्ह्याच्या किंवा शहराच्या वेगळ्या चिकित्सालयाचे, आपले नव्हे, अशी तेथील समजूत होती. रुग्णास रोगाचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते हे खरे, पण त्याने जे करावयास हवे ते सारे केले होते. अज्ञान होते, पण जेथे ते शोधले जात होते तेथे ते नव्हते.

या एका निष्कर्षाने धोरणाची दिशा बदलली. जो माणूस स्वतःच्या पायांनी दारी येतो, त्याच्या शोधार्थ खेडोपाडी गाड्या फिरविण्याआधी त्याला दारातून रिकाम्या हाताने परत न पाठविणे हे पहिले कर्तव्य ठरले. १९६२ मध्ये आखलेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने क्षयाची तपासणी आणि उपचार सामान्य दवाखान्यांत आणण्याचे तत्त्व स्वीकारले. प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक असावा, दीर्घकाळ खोकणाऱ्याची थुंकी तेथेच तपासावी, औषध तेथेच विनामूल्य द्यावे, आणि अवघड प्रश्न तेवढे जिल्हा केंद्राकडे पाठवावेत, अशी ती योजना होती.

थुंकीची ती तपासणी पाहण्याजोगी असते. काचपट्टीवर पसरलेल्या थुंकीच्या पातळ थरावर लाल रंग ओतून खालून ऊब दिली जाते. मग आम्लाने पट्टी धुतली की इतर सर्व पेशींचा लाल रंग निघून जातो. क्षयाच्या जंतूचे आवरण मात्र मेणासारखे चिवट असल्याने तो आपला रंग सोडीत नाही. वर निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या उठून दिसतात. १८८२ च्या २४ मार्च रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे ज्याची ओळख जगास करून दिली, तोच हा जंतू. एक सूक्ष्मदर्शक, काही रंगद्रव्ये आणि एक प्रशिक्षित माणूस एवढ्या सामग्रीवर खेड्यातील दवाखाना त्याला ओळखू शकत होता.

पुढील वाटचाल मात्र सरळ झाली नाही. तत्त्व उत्तम होते, पण औषधांचा पुरवठा अपुरा पडे, सूक्ष्मदर्शक कुलुपात राहत, आणि उपचार वर्ष-दीड वर्ष चाले. येथे लोकांच्या जाणतेपणाचीच एक अवघड बाजू समोर आली. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते. जो देहाच्या लक्षणांवरून आजारी असल्याचे ओळखतो, तो त्याच लक्षणांवरून आपण बरे झालो असेही ठरवितो आणि नांगर पुन्हा हाती घेतो. शरीरात दडून राहिलेले जंतू मात्र गेलेले नसतात. अर्धवट औषधाने त्यांतील चिवट तेवढे उरतात, आणि पुढे तीच औषधे त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरू लागतात. बरे वाटणे आणि बरे होणे यांतील हे अंतर देह सांगत नाही, ते कोणीतरी समजावूनच सांगावे लागते. रिफॅम्पिसिनसारख्या प्रभावी औषधांमुळे साध्या क्षयाचा उपचार पुढे सहा महिन्यांवर आला. १९९७ पासून सुधारित कार्यक्रम देशभर विस्तारत गेला. परंतु त्या सहा महिन्यांतील एकही दिवस गाळावयाचा नाही, हा नियम कायम आहे.

दुसरी अडचण लाजेची. क्षय हा घराण्याचा रोग आहे, अशी समजूत कर्नाटकात काय आणि महाराष्ट्रात काय, अद्याप पुरती गेलेली नाही. एका घरात दोघा-तिघांना तो होतो, त्यावरून ही समजूत रुजली असावी. वस्तुतः तो रक्तातून उतरत नाही, एकाच बंद खोलीतील हवेतून पसरतो. ताट-वाटी वेगळी केल्याने किंवा कपडे वेगळे धुतल्याने काहीही साधत नाही, कारण भांड्यांतून वा कपड्यांतून तो पसरत नाही. खिडकी उघडी ठेवल्याने मात्र पुष्कळ साधते. प्रभावी उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून होणाऱ्या संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. तरीही मुलीचे लग्न मोडेल या भयाने घरातील खोकला लपविला जातो, औषधे तालुका सोडून दुसऱ्या गावाहून आणली जातात, आणि सासरी गेलेली मुलगी गोळ्या डब्यात लपवून ठेवते. असे घर अज्ञानी नसते. त्याला रोगाहून शेजाऱ्याचे भय अधिक असते.

तुमकूरचा निष्कर्ष सर्व काळासाठी पुरेसा आहे, असेही मानता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत क्षयाची शंका येण्याजोगी लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कोठेही उपचार घेतलेला नव्हता, असे आढळले. त्याचे प्रमुख कारण लक्षणांकडे केलेले दुर्लक्ष हे होते. त्याच पाहणीत छातीचा क्ष-किरण फोटो काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण हातचे निसटले असते, असेही दिसले, कारण त्यांना सांगण्याजोगे लक्षणच नव्हते. म्हणून आता हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे घेऊन आरोग्यपथके पुन्हा खेड्यांत जाऊ लागली आहेत. दारी आलेल्याची दखल घ्यावयाची आणि न आलेल्याच्या दारीही जावयाचे, अशी दोन्ही कामे आज एकत्र चालली आहेत. त्यांतील पहिल्याची उपेक्षा झाली तर दुसऱ्याने ती भरून निघत नाही, एवढे तुमकूरने दाखविलेले सत्य मात्र आजही टिकून आहे.

आहाराचा विषय जैन वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा. क्षय झाला की अंडी-मांस खाल्ल्यावाचून गत्यंतर नाही, असा सल्ला खेड्यांत आजही सर्रास दिला जातो, आणि शाकाहारी कुटुंबे त्यामुळे धर्मसंकटात सापडतात. कुपोषण हे क्षयाचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या घरच्या माणसांना पूरक शिधा दिल्याने त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले होते. त्या शिध्यात तांदूळ आणि डाळ होती, म्हणजे शाकाहारच होता. रुग्णास हवे असते ते पुरेसे अन्न आणि पुरेशी प्रथिने. तुमकूरची नाचणी, भुईमूग, तूर आणि दूध ती देऊ शकतात. शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णास उपचारकाळात दरमहा ५०० रुपये मिळत, ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली आहे. २०२२ पासून कोणतीही व्यक्ती किंवा संस्था ‘निक्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवून एखाद्या रुग्णाच्या शिध्याचा भार उचलू शकते. चतुर्विध दानात आहारदान आणि औषधदान यांना स्थान देणाऱ्या समाजास या योजनेचा अर्थ वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही.

मंदरगिरीच्या परिसरातील गावांतून आजचा प्रवासी हिंडला तर त्याला साठ वर्षांपूर्वीच्या पाहणीची कोणतीही खूण दिसणार नाही. ज्यांनी त्या प्रश्नांना उत्तरे दिली त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत, आणि त्यांतील बहुतेक आज हयातही नसतील. परंतु भारतातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणाऱ्या माणसाच्या हाती आज औषधाच्या बाटलीऐवजी थुंकीच्या नमुन्यासाठी झाकणाची लहान डबी दिली जाते. सकाळी उठल्याबरोबर, मोकळ्या हवेत, खोल श्वास घेऊन छातीतून आलेला बेडका त्यात धरावा, नुसती लाळ नको, असे आशा कार्यकर्ती तिला जमेल त्या बोलीत समजावून सांगते. तपासणीस पैसे पडत नाहीत, औषधासही पडत नाहीत. ती डबी हाती देणाऱ्याने समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच तुमकूरच्या त्या अनाम खेडुतांची अपेक्षा होती, आणि दवाखान्याच्या दारी येणाऱ्या प्रत्येक माणसाची ती आजही आहे.